अबू समीहनी खाली ठेवलेला कप

अबू समीहनी कप खाली ठेवला. तोंडालासुद्धा लावला नाही.

माझ्या खोलीत टेबल नव्हतं. कॉम्प्रेसरचा एक रिकामा खोका उलटा घालून त्यावर मी वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर त्यांनी तो बिनकानाचा इवलासा कप ठेवला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि माझ्याकडं बघत बसले.

"साखर नाही घातलेली, उस्ताद," मी म्हणालो. "तुमच्याकडं असते तशीच केलीय. कडूजहर."

"वास चांगला येतोय," ते म्हणाले.

वास चांगला येतोय तर प्या की! पण नाही. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता, वीज गेलेली, गच्चीवरची माझी खोली नुसती भट्टी झालेली, आणि हा साठीचा माणूस कोट घालून आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि वर काळा कोट. मला वाटलं, निरोप द्यायला आलेत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी कुवेत सोडणार होतो.

ही एकोणीसशे नव्वदची गोष्ट. आज माझे गुडघे गेले, दात गेले, पण तो कप आणि तो कोट जसाच्या तसा डोळ्यासमोर आहे.

मी सदाशिव मगदूम, इस्लामपूरचा. आयटीआय केलं, एसी-फ्रिजच्या कामात पडलो आणि त्र्याऐंशी साली कुवेतला गेलो. स्वभावानं तापट, तोंडानं फटकळ. बायको मालन म्हणायची, "तुम्ही परदेशी गेलात ते बरं झालं बाई, हितं राहिला असता तर रोज कुणाशी तरी जुंपली असती." ती आणि आमची अर्चना इस्लामपुरातच. मी गेलो तेव्हा अर्चना दोन महिन्यांची होती. दोन वर्षांतून एकदा दोन महिने सुट्टी मिळायची. पोरगी सात वर्षांची झाली तोवर मी तिच्याजवळ सगळे मिळून सहा महिने राहिलो होतो. घरी गेलो की पहिले आठ दिवस ती मला बघून आईच्या पदराआड जायची, आणि ओळख पटते न पटते तोवर माझी परत निघायची वेळ व्हायची.

कुवेतमध्ये हवल्ली नावाच्या भागात मी गच्चीवरच्या एका खोलीत राहायचो. तिथली बहुतेक वस्ती पॅलेस्टिनी लोकांची. दुसऱ्या मजल्यावर अबू समीह. तिकडं माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची रीत आहे. समीहचा बाप म्हणून अबू समीह आणि त्याची आई ती उम्म समीह. तो समीह लिबियात कामाला. घरात हे दोघं आणि मुलगी हनान. अबू समीह शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले, म्हणून मी त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांचं गाव अठ्ठेचाळीस साली इस्राएलात गेलं, मग गाझात तंबूत राहिले, मग कुवेतला नोकरी लागली. पासपोर्टच्या जागी त्यांच्याकडं इजिप्तनं निर्वासितांना दिलेला एक कागद होता. त्या कागदावर कुठलाच देश आत घेत नव्हता. खुद्द इजिप्तसुद्धा.

"मी पोरांना जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ करून घेतल्या," ते हसत सांगायचे, "आणि मला एकीतही पाय ठेवता येत नाही."

ओळख झाली ती त्यांचा एसी दुरुस्त करताना. काम झाल्यावर त्यांनी कॉफी दिली. घोटभरच असते ती, वेलदोड्याची, साखरेचा पत्ता नाही. मी कप रिकामा केला की ते ओतायचे. नको कसं म्हणायचं म्हणून मी प्यायचो. असे सात कप झाले. छातीत धडधडायला लागलं तेव्हा मी हात जोडले. दोघं नवरा-बायको पोट धरून हसली.

"कप असा हलवायचा," त्यांनी मनगट डावी-उजवीकडं हलवून दाखवलं. "मग ओतणारा थांबतो. नाही हलवला तर ओततच राहणार, तो तरी काय करेल?"

पुढच्या शुक्रवारी मी तीन कपांनंतर झोकात कप हलवला. अबू समीहनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता तू आमच्यातला झालास."

आणि खरं सांगतो, मला तेही खरंच वाटलं. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मी त्यांच्याकडं. सात वर्षं. कॉफी नेहमी त्यांची, पाहुणा नेहमी मी. कधीतरी तुम्ही वर या, असं माझ्या तोंडून निघालं नाही. कॉम्प्रेसरच्या खोक्यावर बसवायचं काय त्यांना? ते मला अबू अर्शना म्हणायचे. अर्चनाचा बाप. अख्ख्या कुवेतमध्ये माझ्याशी माझ्या पोरीचं नाव घेऊन बोलणारा तो एकच माणूस होता. बाकी सगळ्यांना मी 'ए हिंदी, एसी बघ' एवढाच.

नव्वदच्या जूनमध्ये हनान बाळंतपणाला माहेरी आली. तिला जॉर्डनमध्ये दिलेली, झरका गावात. नवरा नादेर, औषधांचं दुकान चालवायचा. लग्नानंतर तिला जॉर्डनचा पासपोर्ट मिळाला होता. घरात खरा पासपोर्ट असलेलं ते एकटंच माणूस. जुलैमध्ये एका सकाळी तिच्या कळा सुरू झाल्या. अबू समीह घरी नव्हते. आरडाओरडा ऐकून मी गाडीची किल्ली घेऊन धावत खाली गेलो. दारात तिचा मामा उभा.

"मी दवाखान्यात नेतो," मी म्हणालो.

"तुझं काय काम इथं?" तो म्हणाला. "आमच्या बायका परक्या पुरुषाच्या गाडीत बसत नाहीत." आणि दार लावून घेतलं. तोंडावर.

मी तसाच किल्ली हातात घेऊन वर आलो. भयंकर लागलं मला ते. सात वर्षं कॉफी प्यायलो ती काय परका म्हणून? अबू समीहनी नंतर बर्फी दिली, नातू झाला, ओमर नाव ठेवलं म्हणाले, पण त्या दाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांना माहीत होतं का नव्हतं, कोण जाणे. मी मनाशी ठरवलं, इथून पुढं या घराला आपण होऊन काही म्हणून विचारायचं नाही. त्यांनी मागितलं तर जीव टाकू. पण मागितलं तर.

ऑगस्टच्या दोन तारखेला पहाटे इराकचे रणगाडे आले. फोन बंद, विमानतळ बंद, दुकानांची शटरं खाली. हनानचं परतीचं तिकीट त्याच महिन्यातलं होतं, ते आता नुसतं कागद झालं. धास्तीनं तिचं दूध गेलं. डब्याची पावडर शहरात मिळेना. बाळ रात्रंदिवस किरकिर करायचं, मला गच्चीवर ऐकू यायचं. जॉर्डनला जायचा रस्ता बसरा-बगदादवरून उघडा होता. हनानला आणि बाळाला हद्दीवर आत घेतलं असतं. तिचा नवरा पलीकडंच होता. आईबापाला मात्र त्या कागदावर कुणी घेणार नव्हतं. म्हणजे तिला कुणीतरी न्यायला पाहिजे होतं. मामाकडंही जॉर्डनचा पासपोर्ट होता आणि गाडी होती. ठरलं होतं की मामा नेणार.

ऑगस्टच्या शेवटाला सैनिकांनी मामाची गाडी उचलून नेली. मी गच्चीवरून बघत होतो.

माझी व्हॅन मात्र शाबूत. म्हणजे कंपनीची, मालक उन्हाळ्याचा परदेशी गेलेला तो तिकडंच अडकला होता. पांढरी व्हॅन, दोन्ही अंगांना निळ्या रंगात बर्फाची चांदणी काढलेली. पहिल्याच दिवशी मी तिची दोन चाकं काढून गच्चीवर चढवली होती आणि बॉनेट उघडं टाकून दिलं होतं. सैनिक यायचे, बघायचे, शिव्या देऊन जायचे. तीत मागं आंध्रचे चार मजूर येणार होते, शिवाय पाण्याची आणि पेट्रोलची पिंपं. पुढं माझ्याशेजारी एक सीट. आपल्या लोकांच्या पाच गाड्या एकत्र निघणार होत्या, त्यातल्या दोघा-तिघांनी ती सीट मागितली. मी म्हणालो, "राखून ठेवलीय."

कुणासाठी राखली होती ते मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असायला हवं होतं.

चार दिवस मी वाट बघितली. जिन्यात मुद्दाम घुटमळायचो. त्यांच्या दारावरून बूट वाजवत जायचो. एकदा दार उघडं होतं. उम्म समीह बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, अजून मी परकाच. मी तसाच पुढं गेलो. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. सीट मागणाऱ्या त्या दोघा-तिघांचीही एव्हाना दुसऱ्या गाड्यांत सोय लागलेली होती. मग माझं डोकं फिरलं. देवानं तोंड दिलंय ना? गेलात उडत! अर्चनासाठी घेतलेला टीव्ही होता, वीस इंची, रंगीत. तो मी विकून टाकणार होतो. तो खोका काढला, सुतळीनं करकचून बांधला आणि ठरवलं, हा पुढच्या सीटवर न्यायचा.

आणि पाच वाजता दारात अबू समीह. कोट घालून.

खुर्ची नव्हती म्हणून मी त्यांना खाटेवर बसवलं आणि कॉफी केली. सात वर्षांत पहिल्यांदा मी यजमान आणि ते पाहुणे. आणि त्यांनी ती कॉफी खाली ठेवली.

"गाडी तयार?" त्यांनी विचारलं.

"तयार. दुपारीच चाकं परत बसवली. पहाटे पाचला निघायचं."

"पुढं कोण बसणार?"

आता मागतील, असं मला वाटलं. पण मी पडलो तोंडाचा घाण. म्हणालो, "कोण बसणार? कुणी मागितलीच नाही सीट. हा टीव्ही नेतो आता, पोरीला."

त्यांनी त्या खोक्याकडं बघितलं. सुतळीच्या गाठींकडं बघितलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. "अर्शनाला आवडेल."

मग त्यांनी बोटानं तो कप माझ्याकडं इंचभर सरकवला.

"घ्या ना, उस्ताद. गार होतेय."

"घेईन," ते म्हणाले. "घेईन की."

पण हात मांडीवरून हलेना. मी बघतोय, ते बघताहेत. मग मास्तर ते मास्तरच, त्यांनी खोक्यावरच्या वर्तमानपत्रावर बोटानं रस्ता काढला. ही बसरा. हे बगदाद. इथून डावीकडं वळायचं. रुतबा नावाचं गाव लागेल, तिथं पाणी भरून घे, पुढं काही नाही. ही हद्द.

"आणि हद्दीपासून," त्यांचं बोट तिथंच थांबलं, "झरका काही फार लांब नाही."

"असेल," मी म्हणालो.

बोला! अहो, बोला एकदाचं! मी मनातल्या मनात ओरडत होतो. एक शब्द बोला, हा टीव्ही गच्चीवरून खाली फेकतो. पण मला तो मामा आठवत होता आणि ते दार आठवत होतं. मी आपण होऊन म्हणायचो, तुमच्या मुलीला माझ्या गाडीत पाठवा, आणि यांनीही मान वळवली तर? निघताना तेवढं ऐकायचं माझ्यात बळ नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो. तेही गप्प. खालून बाळाचं रडणं येत होतं. आम्ही दोघांनी ते ऐकलं.

पंधरा-वीस मिनिटं अशी गेली असतील. कॉफीची वाफ केव्हाच थांबली, एक माशी येऊन कपाच्या कडेवर बसली. मला राग आला होता, रडूही येत होतं, आणि हाताला काहीतरी काम पाहिजे होतं.

"पार गार झाली की हो," मी म्हणालो. "टाकून देतो."

मी कप उचलला आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओतला. वर नळही सोडला.

वळून बघतो तर अबू समीह माझ्या हातांकडं बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता उतरलेला चेहरा. हळूच उठले, कोटाची बटणं लावली, उजवा हात छातीवर ठेवला.

"अल्ला तुला तुझ्या अर्शनापर्यंत सुखरूप पोहोचवो," ते म्हणाले.

मला वाटलं, गळ्यात पडतील. सात वर्षांची ओळख! पण ते गेले. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली. दुसऱ्या मजल्यावर थांबली. दार लगेच वाजलं नाही. बराच वेळ ते दाराबाहेर नुसते उभे असावेत. मग दार उघडलं, लागलं, आणि बाळाचं रडणं तेवढं बारीक झालं. मी खाटेवर बसून राहिलो. इतका एकटा मी त्या देशात पहिल्या दिवशीसुद्धा नव्हतो.

पहाटे टीव्ही पुढच्या सीटवर बांधला आणि निघालो. त्यांच्या दाराशी क्षणभर थांबलो होतो. कडी वाजवायला हात उचललासुद्धा. मग म्हटलं, झोपले असतील.

वाटेत दोन दिवस आणि एक रात्र गेली. बसऱ्याला चौकीवर सैनिकांनी पाण्याचं एक पिंप काढून घेतलं. रुतबाला मी पाणी भरलं, सांगितलं होतं तसं. मागचे आंध्रवाले कधी भजनं म्हणायचे, कधी आपसात भांडायचे. माझ्याशेजारी टीव्ही. खड्डा आला की मी उजवा हात टाकून त्याला धरायचो.

जॉर्डनच्या हद्दीवर माणसांचा समुद्र होता. आपले, श्रीलंकेचे, बांगलादेशचे, इजिप्तचे. तंबू, धूळ, पाण्याच्या टँकरमागं धावणारे लोक. कागदांवर शिक्के मारून घेऊन आम्ही पलीकडं निघालो आणि गाडी लावतोय, तोच एक माणूस गर्दीतून पळत आला. तिशीतला, दाढी वाढलेली, शर्टाच्या खिशात दुधाची बाटली. त्यानं आधी व्हॅनवरच्या त्या निळ्या चांदणीला हात लावला. मग मागचं दार उघडलं. आंध्रचे चौघं बघून लावलं. मग पळत पुढं आला आणि माझ्याशेजारचं दार उघडलं.

तो टीव्हीकडं बघतच राहिला.

"हनान कुठंय?" त्यानं विचारलं.

मी गाडीतून खाली उतरलो. "तू नादेर?"

"हनान कुठंय? तू गच्चीवरचा हिंदी ना? अबू अर्शना?"

"ती घरीच आहे. बरी आहे. बाळही बरं आहे," मी म्हणालो. "पण तुला कुणी सांगितलं ती माझ्याबरोबर येणार म्हणून?"

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. कुठल्याशा ट्रकवाल्याच्या हाती अबू समीहनी धाडलेली चिठ्ठी. त्यानं ती वाचून दाखवली. माझी अरबी कामापुरती, पण इतकं कळलं: मेहुण्याची गाडी गेली. वर राहणाऱ्या हिंदी मित्राची पांढरी गाडी आहे, तिच्यावर निळी चांदणी आहे. मेहुण्याची समजूत काढतो आहे, तो तयार झाला की मी स्वतः त्या मित्राकडं जाऊन मागणार आहे. सात वर्षं त्यानं माझी कॉफी घेतली आहे. तो नाही म्हणणार नाही. तू हद्दीवर थांब.

"चार दिवस थांबलोय मी," नादेर म्हणाला.

"पण मागितलंच नाही!" मी ओरडलो. "देवाशपथ सांगतो, एका शब्दानं मागितलं नाही! आले होते, तासभर बसले, कॉफीसुद्धा घेतली नाही—"

"काय म्हणालास?"

"कॉफी दिली मी. घेतली नाही त्यांनी."

"घेतली नाही म्हणजे? हातात घेतली नाही?"

"घेतली, आणि तशीच खाली ठेवली. माझ्यासमोर."

नादेरनं डोळे मिटले. "मग तू काय केलंस?"

मी सांगितलं.

तो गाडीच्या पायरीवर खाली बसला. मग माझ्याकडं न बघता, लहान मुलाला समजवावं तसं बोलला. मोठं मागणं असलं की आमच्यात माणूस तोंड उघडत नाही. मुलगी मागायला जातो, खुनाची माफी मागायला जातो, तेव्हा कप घेतो आणि यजमानासमोर खाली ठेवतो. मग यजमानानं म्हणायचं असतं, काय हवंय ते सांगा. किंवा नुसतं म्हणायचं, कॉफी घ्या, तुमचं मागणं मान्य. द्यायचं नसेल तर यजमान काही बोलत नाही. कॉफी गार होते, पाहुणा उठून जातो. कुणाला कुणाच्या तोंडावर नाही म्हणावं लागत नाही.

"आणि तू ती ओतून टाकलीस," नादेर म्हणाला. "त्याच्या डोळ्यांदेखत."

"मला काय माहीत, बाबा!" मी म्हणालो. "मला कप हलवायचा तेवढा माहीत होता. मला कुणी सांगितलंच नाही!"

"हो," तो म्हणाला. "तुला काय माहीत."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दोन कानाखाली दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी म्हणालो, मी परत जातो, आत्ता जातो, दोन दिवसांत आणतो तिला. तसा मी गाडी वळवून चौकीपर्यंत गेलोही. शिपायानं माझ्या पासपोर्टवरचा शिक्का दाखवला आणि बंदुकीनं मागं हो म्हणाला. एकदा बाहेर पडलेल्याला आत सोडत नव्हते. हातापाया पडलो. त्यानं दुसरीकडं तोंड केलं.

परत आलो तर नादेर तिथंच उभा. डोळे रस्त्याकडं. मला काय सुचलं देव जाणे, मी सुतळी सोडली आणि तो टीव्ही त्याच्यापुढं केला. "हा घे," म्हणालो. "घरी ने."

"मी काय करू याचं?" तो म्हणाला. आणि खिशातली दुधाची बाटली नीट करून मागून येणाऱ्या गाडीकडं पळाला.

अम्मानला विमानात एका पिशवीपेक्षा जास्त काही नेऊ देत नव्हते. टीव्ही धावपट्टीच्या कडेला ठेवून दिला. तिथं तशा सामानाचा ढीगच लागला होता.

घरी आल्यावर हवल्लीच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. दोन्ही परत आली. युद्ध संपल्यावर पेपरात वाचलं, कुवेतमधून पॅलेस्टिनी लोकांना घालवून दिलं. लाखांनी. हवल्ली ओस पडली म्हणे. तो कागद घेऊन अबू समीह कुठल्या राजधानीत गेले असतील? हनान पोहोचली का? ओमर आज असला तर पस्तिशीचा असेल. नादेरचा पत्तासुद्धा मी घेतला नाही. मागायचं तोंड राहिलं नव्हतं मला.

मालनला मी ही गोष्ट कधी सांगितली नाही. टीव्ही अम्मानला राहिला, एवढंच सांगितलं. अर्चना थोडी हिरमुसली, मग विसरली.

आता घरी कुणी आलं, चहा पुढं केला आणि त्यानं कप हातात घेऊन नुसता खाली ठेवला की मला दम निघत नाही. मी लगेच म्हणतो, "घ्या चहा. काय काम असेल ते झालं म्हणून समजा." लोक गोंधळतात. विमा एजंट आला होता, त्यालाही म्हणालो. शेजारच्या थोरातांना म्हणालो तर ते म्हणाले, "काम काही नाही हो मगदूम, चहा भाजतोय." सगळे हसले.

"अहो, असं काय करता?" मालन आत येऊन माझ्यावर डाफरते. "माणूस चहा निवायला ठेवतो आणि तुम्ही काय बी विचारता."

"असू दे," मी म्हणतो. "विचारायला काय जातं?"

ती कपबश्या उचलून आत जाते. नळ सोडल्याचा आवाज येतो. मी इथं खुर्चीत बसून असतो, आणि मला तो माझ्याकडं इंचभर सरकवलेला कप दिसतो.

विचारायला काय जात होतं माझं.